डाव्या डोळ्याखालची रेघ

माझा हात गेला, असं यज्ञूदादाने मला सांगितलं तेव्हा इरा चाळीस दिवसांची होती. मी माहेरी, रेवदंड्याला, बाळंतिणीच्या खोलीत तिला मांडीवर घेऊन बसले होते. दादा दारातच उभा राहिला, आत आला नाही.

"अंबे, रागावू नको गो," तो म्हणाला. "यंदा तू डोळे काढलेस ना, ते लोकांना आवडले नाहीत. रडवे वाटतात म्हणतात. बाळंतपणात हात जातो कधी कधी. अण्णांच्या आत्याचा पण गेला होता."

अण्णांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, आत्याबद्दल मी त्याआधी कधी काही ऐकलं नव्हतं. पण त्याच सकाळी माझ्या हातून आळिवाच्या खिरीची वाटी पडली होती. आणि महिनाभर सलग दोन तास न झोपलेल्या बाईला कोणी सांगितलं की तुझं काहीतरी गेलंय, तर ती उलटून विचारत नाही. ती म्हणते, हो, गेलं असेल.

आमच्या वाडीत पोफळींच्या मागे अण्णांचा गणपतीचा कारखाना आहे. कारखाना म्हणायचं आपलं, एक लांबलचक पत्र्याची पडवीच ती. शाडू मळायचं काम धर्माजीकाकांचं. साच्यातून मूर्ती काढायच्या, घासायच्या, रंगवायच्या हे दादाचं. आणि आखणी माझी. आखणी म्हणजे डोळे काढणं, सगळ्यात शेवटचं काम. मूर्ती रंगून, वाळून तयार असते, दागिने असतात, पितांबर असतं, आणि डोळ्यांच्या जागी नुसते पांढरे उंचवटे. तिथे भुवई, पापणी, बुबुळ काढायचं. दोन डोळ्यांना मला पाव तास लागायचा आणि त्या पाव तासात मी श्वास कधी घ्यायचे ते मला आठवत नाही.

नऊ वर्षांची असताना अण्णांनी माझ्या हातात कुंचला दिला. त्यांची एक पद्धत होती. बाप्पाची नजर ते मोहरीच्या दाण्याएवढी खाली ठेवायचे. मी अगदी लहान असताना मूर्तीसमोर उभी राहून विचारलं होतं म्हणे, हा माझ्याकडे का बघत नाही? तेव्हापासून आमच्याकडचे गणपती घरातल्या सगळ्यात लहान माणसाकडे बघतात. अण्णा गेले तरी मी ती मोहरी सोडली नाही.

इराच्या वेळी सातव्या महिन्यापर्यंत मी आखणी करत होते. पोट आडवं यायचं, म्हणून पाट उंच केला होता. एका दुपारी एका मूर्तीच्या डाव्या डोळ्याची खालची पापणी काढत होते. शेवटचाच फटकारा. इतक्यात पोटात अशी लाथ बसली की माझं कोपर हललं आणि कुंचला पापणीवरून घसरून सोंडेकडे गेला. केसाएवढी रेघ उमटली. ओल्या कापसाने लगेच पुसता आली असती. मी पुसली नाही. मला हसू आलं होतं. पोरीने जन्माआधीच बाप्पाला हात लावला, असं वाटलं. पाय लावला म्हणायला हवं खरं तर, पण तसं कोण म्हणतं.

दादाला हाक मारून दाखवली. "ही विकायची नाही हां," म्हटलं. "ही आपल्या घरच्या गणपतीला ठेव. इराच्या लाथेचा गणपती." तेव्हा तिचं नाव इरा ठरलं नव्हतं, ती नुसतीच 'ही' होती. दादा हसला. "ठेवतो," म्हणाला. पण त्या गणपतीत मी बाळंतिणीच्या खोलीत होते आणि पाटावर दुसरीच मूर्ती बसली होती. दादा म्हणाला, ती दमट हवेने तडकली, खाडीत सोडली. मीही मनाशी म्हटलं, जाऊ दे, खाडीतच तर गेली.

त्यानंतरचे दोन हंगाम मी कारखान्यात पाऊल टाकलं नाही. माझं सासर नागावला, रिक्षाने पंधरा मिनिटं. माहेरी जायचे, पण पुढच्या ओटीवर बसून परत यायचे. डोळे आता कोण काढतं विचारलं, तर दादा म्हणाला, "पेणहून एक माणूस येतो." त्या माणसाचा हात कसा आहे, हे बघायची माझी छाती नव्हती. माझे कुंचले जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून कपाटात ठेवले होते. सलिलला, माझ्या नवऱ्याला, मी यातलं काही बोलले नाही. तो सिंगापूरला जहाजदुरुस्तीच्या यार्डात नोकरीला. फोनवरची ती वीस मिनिटं इराच्या दातांना आणि पावलांनाच पुरत नाहीत, त्यात मला माझा गेलेला हात कुठे दाखवायचा?

या जुलैत त्याने आम्हा दोघींना महिनाभरासाठी बोलावून घेतलं. त्याला रविवारचीच सुट्टी. बाकीचे दिवस मी, इरा, तिची ढकलगाडी आणि बारावा मजला. चार दिवसांत मी त्या मजल्यावरच्या फरशा पाठ केल्या, तेव्हा सलिल म्हणाला, "लिटल इंडियात जाऊन ये. तिथे तुला करमेल. हरवलीस तरी कोणीतरी ओरडून रस्ता सांगेल."

आणि खरंच करमलं. स्टेशनाच्या जिन्यावरच उदबत्ती आणि तळणीचा वास एकदम आला आणि इरा गाडीत उठून बसली. दुकानांपुढून एक सलग ओसरी जाते, एका दुकानाच्या सावलीतून दुसऱ्याच्या सावलीत. उन्हात पाय पडत नाही. खांबाखांबाला हारवाले, मोगऱ्याचे गजरे दोरासारखे लोंबत असतात. पितळेच्या समया, स्टीलचे डबे, सोन्याची दुकानं, कढीपत्त्याच्या जुड्या, आणि एका ताटात चक्क सुपाऱ्या आणि विड्याची पानं. मी एक सुपारी उचलून वास घेतला. आमच्या वाडीतल्यासारखा नव्हता, पण नातं लागेल इतका होता. एका हारवालीने माझ्याशी तमिळमध्ये बोलायला सुरुवात केली. मी मान हलवली की मला येत नाही. ती हसली आणि तमिळमध्येच पुढे बोलत राहिली. बोलता बोलता तिने इराच्या केसांत गजरा माळायचा प्रयत्न केला. पोरीचे केस कुठे एवढे, तो घसरत होता. शेवटी तो ढकलगाडीच्या दांड्याला बांधून दिला.

एका चौकात जुनं लाकडी खिडक्यांचं घर आहे, प्रत्येक खिडकी निराळ्या रंगात रंगवलेली. मी ते बघत किती वेळ उभी होते कोण जाणे. तो हिरवा कशात काय मिसळून आला असेल, जांभळ्याला पांढरा किती लागला असेल. मग माझं लक्ष माझ्याच हाताकडे गेलं. अंगठा आणि दोन बोटं जुळून आली होती, कुंचला धरल्यासारखी. करंगळी टेकायला जागा शोधत होती.

दोन वर्षांनी पहिल्यांदा मला वाटलं, घरी गेले की दादाकडून एक कोरी मूर्ती मागून घेईन. विकायला नाही. नुसतं बघायला, हात खरंच गेला का.

हे मनाशी म्हणत मी बाजूच्या गल्लीत वळले आणि देवाच्या वस्तूंचं एक दुकान लागलं. काचेआड गणपतींची रांग होती, गळ्यापर्यंत प्लॅस्टिकच्या गुंडाळीत. सगळे ढकलगाडीकडे बघत होते. माझ्याकडे नाही, माझ्या कमरेखाली, इराकडे. ती मोहरी मी जगात कुठेही ओळखीन. आधी आनंदच झाला, अगदी खुळ्यासारखा. आमचे गणपती इथे आले, आणि दादा बोलला पण नाही.

मग मी काचेजवळ गेले. पहिल्या मूर्तीच्या डाव्या डोळ्याखाली केसाएवढी रेघ होती, पापणीवरून सोंडेकडे घसरलेली. शेजारच्या मूर्तीलाही होती. तिच्या शेजारचीलाही. पुढच्या, मागच्या फळीवरच्या, सगळ्यांना. तीच रेघ, तिथेच वळलेली, तिथेच संपलेली.

"या, या, बघायचे पैसे नाय लागत," आतून आवाज आला. साठीच्या, नाकात हिऱ्याची चमकी असलेल्या बाई. माझी साधी टिकली आणि काचेच्या हिरव्या बांगड्या बघून म्हणाल्या, "मराठी ना? मी कोकिळाबेन. घाटकोपरची. तीस वरस झाले इथे, पण मराठी विसरली नाय हां. बेबीचं नाव काय?"

"इरा."

"बघा इरा कशी बघते. बाप्पा पण तिलाच बघतो." त्यांनी एक मूर्ती काढून माझ्यासमोर ठेवली. "हे असली रेवदंड्याचे. कोकणात गाव आहे, समुद्रावर. तुम्हाला माहीत असेल."

"हो, माहीत आहे."

"मग ही लाइन बघा, डोळ्याच्या खाली. ही त्यांची खानदानी खूण. करुणेची रेखा. पणजोबापासून चालत आलेली. घरातले पुरुषच काढतात, उपास करून. बायकांचा हात लागत नाय तिला."

मी विचारलं, "असं कोण म्हणालं?"

"यज्ञेश्वरभाई स्वतः. व्हिडिओवर बोलले. बोलता बोलता डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. फार भावुक माणूस." त्यांनी मूर्तीच्या पायाशी ठेवलेलं एक छापील कार्ड माझ्या हातात दिलं. कार्डावर दादाचा फोटो होता, सोवळं नेसलेला, उघडा, मूर्तीच्या डोळ्याला कुंचला लावलेला. कुंचला त्याने पेनासारखा धरला होता. आखणीचा कुंचला तसा धरत नाहीत. करंगळी बाप्पाच्या गालाला टेकलेली लागते, नाहीतर हात कापतो. दादाला हे माहीत नाही, कारण त्याने आयुष्यात एकही डोळा काढलेला नाही.

"घेता ना एक?" कोकिळाबेन म्हणाल्या. "बेबीला आवडला."

इराने गाडीतून हात लांब केला होता. "नको," मी म्हटलं. "आमच्याकडे घरचा असतो."

त्यांना काय सांगणार? ती लाथ तीन माणसांना माहीत होती. मला, दादाला, आणि जिने मारली तिला. तिला तर आठवतही नाही. पुढच्या वळणावर एक बाक होता, तिथे बसून मी इराला केळं भरवलं. तिने अर्धं खाल्लं, अर्धं गजऱ्याला फासलं. मी तिला रागावले नाही. माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, दारात उभ्या राहून म्हटलेलं. रडवे वाटतात म्हणतात.

संध्याकाळी सलिल आल्यावर मी त्याला विचारलं, "दादाचे गणपती इथे येतात, तुला ठाऊक होतं?"

"म्हणजे काय, कोकिळाबेनचा नंबर मीच दिला त्याला. मागच्या वर्षी." तो बूट काढता काढता थांबला. "तुला माहीत नाही?"

"मला सांगायचं नाहीस?"

"दादाच म्हणाला, गणपतींचा विषय अंबीकडे काढू नको. तिने स्वतःच सोडलंय, इरासाठी. आठवण काढली की तिला रडू येतं." सलिल माझ्याकडे बघत होता. "तू खरंच सोडलंस ना? का गं?"

मग मी त्याला सगळं सांगितलं. खिरीच्या वाटीपासून. तो ऐकत राहिला, एक बूट पायात आणि एक हातात. आम्ही दोघं दोन वर्षं एकमेकांना जपत गप्प बसलो होतो, आणि ते गप्प बसणं दादाने आम्हाला वाटून दिलं होतं. अर्धं मला, अर्धं त्याला.

"मी बोलू त्याच्याशी?" सलिलने विचारलं.

"नको. माझा भाऊ आहे, मीच बोलते."

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात परत आलो. तिसऱ्या दिवशी इराला कडेवर घेऊन मी रेवदंड्याला गेले आणि या वेळी ओटीवर न थांबता थेट मागे पडवीत शिरले. गणपतीला महिना राहिलेला. ओल्या शाडूचा वास, दोरीवर वाळत घातलेली फडकी, आणि कोपऱ्यात धर्माजीकाका गुडघ्यापर्यंत मातीत.

"ताय आली," ते म्हणाले आणि इराकडे बघून ओला हात हलवला. "लय दिसांनी गो."

"काका, पेणचा माणूस कुठे बसतो आखणीला?"

"कोन मानूस?" काकांनी कपाळावरचा घाम दंडाने पुसला. "हितं कोन येत न्हाय पेनवरून. ते मशीन हाय ना, फुस्स करतं. मुखवटा लावला, फुस्स. लावला, फुस्स. चा थंड व्हायच्या आत रांग उरकते." मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी मान खाली घातली आणि पुन्हा माती मळायला लागले.

मुखवटा खिळ्याला टांगलेला होता. पातळ पारदर्शक प्लॅस्टिकचा, मूर्तीच्या चेहऱ्यावर तापवून बसवलेला, आणि डोळ्यांच्या जागी कापलेला. भुवई, पापणी, बुबुळ. डावीकडे खाली केसाएवढी चीर. सगळ्या मूर्ती एकाच साच्याच्या, त्यामुळे एकच मुखवटा सगळ्यांना बसतो. मी बोट त्या चिरेवरून फिरवलं. तिथे रंग साचून कडक झाला होता.

"कधी आलीस गो?" दादा मागून आला. माझा हात कुठे आहे हे बघितलं, आणि त्याचं हसू अर्ध्यावर राहिलं. "सिंगापूर काय म्हणतंय?"

"सिंगापूर म्हणतंय, आमच्या घरात पुरुषच डोळे काढतात. उपास करून."

तो पाटावर बसला. थोडा वेळ त्याने एका मूर्तीचा कान घासला, घासायची गरज नसताना. "लोकांना गोष्ट लागते, अंबे. नुसती मूर्ती सगळ्यांकडे मिळते."

"गोष्ट होती की. खरी होती. माझ्या पोरीने लाथ मारली, ही गोष्ट नव्हती?"

"असं कार्डावर छापतात का? गणपतीला लाथ?"

काका कोपऱ्यात खोकले. मला हसू आलं असतं, दुसऱ्या कोणाबद्दल असतं तर.

"मला का सांगितलंस माझा हात गेला म्हणून?"

"तू आज ना उद्या जाणार. सलिल तुला कायमची नेणार. मग मी डोळ्यांसाठी कुणाच्या दारात उभा राहू? आणि तुला आधी सांगितलं असतं, तर तू मुखवटा करू दिला असतास?"

"नाही."

"मग." तो इतकंच म्हणाला, जणू हिशोब जुळला.

"हात गेला म्हणायची काय गरज होती? नुसतं म्हणायचं, आता नको येऊस."

"तू आली असतीस," दादा म्हणाला. "तुला मी ओळखत नाही होय? नको म्हटलं तरी आली असतीस. मुखवटा बघितला असतास, भांडली असतीस. तसं सांगितलं म्हणून तू स्वतःच राहिलीस घरात." तो हे वाईटपणे बोलत नव्हता. लहानपणी झाडावरून उतरायला मला हात द्यायचा तेव्हा बोलायचा, तशाच सुरात. माझ्या आत नेमकं कुठे बोट ठेवलं की मी गप्प बसेन, हे त्याला माहीत होतं. ते माहीत असायला सख्खा भाऊच लागतो.

"ती पहिली मूर्ती कुठे आहे? खाडीत सोडलेली?"

दादाने पुन्हा मूर्तीचा कान घासायला घेतला. धर्माजीकाका मातीतून उठले, हात न धुताच वरच्या फळीवरून गोणपाटातलं एक गाठोडं काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. मुखवटा बसवताना सारखं तेल लावून तिचा चेहरा काळपट झाला होता. उजवा डोळा पुसट. डावा जवळजवळ गेलेला. रेघ मात्र होती.

"ती नेऊ नको गो," दादा म्हणाला. "मुखवटा फाटला तर परत लागेल."

मी ती उचलली. एका कडेवर इरा, एका हातात ती. "आणि एक कोरी दे," म्हटलं. "रंगवलेली, डोळे न काढलेली."

"कशाला?"

"हात बघायचाय माझा."

तो हसला, सुटल्यासारखा. त्याला वाटलं असावं, एवढ्यावर भागलं. "ने की. दोन ने. कान, उंदीर, मोदक रंगवायला पण ये वाटलं तर, माणूस लागतंच."

काकांनी दोन्ही मूर्ती रिक्षात नीट ठेवून दिल्या. जाताना म्हणाले, "ताय, मी बोलाया पायजे व्हतं." पायजे होतंच.

परवा दुपारी इरा झोपल्यावर मी नागावच्या घरी मागच्या पडवीत पाट मांडला. कुंचले सोडले, पाण्यात भिजवले. एकाचे केस वाकले होते, दुसरा चांगला निघाला. करंगळी बाप्पाच्या गालाला टेकवली. पहिल्या फटकाऱ्यालाच कळलं. हात तिथेच होता. दोन वर्षं कपाटात ठेवलेला, साडीच्या तुकड्यात, जसाच्या तसा. मला वाटलं होतं आनंद होईल. झालाही असेल, पण त्याच्याआधी रडू आलं, आणि आखणी करताना रडून चालत नाही, म्हणून थांबून डोळे पुसले, मग उजवा डोळा पुरा केला. नजर मोहरीएवढी खाली. डाव्याची भुवई, वरची पापणी, बुबुळ.

खालच्या पापणीवर होते तेव्हा इरा उठून आली. झोपेने गरम झालेली, अनवाणी. मागून येऊन तिने माझ्या गळ्यात दोन्ही हात टाकले आणि सगळा भार पाठीवर दिला. कोपर हललं. कुंचला घसरला.

रेघ उमटली. अगदी तिथे नव्हे, जरा अलीकडे, जरा लांब. त्या रेघेपेक्षा देखणी होती. मी बघत राहिले. रंग ओला होता, विचार करायला फार वेळ नव्हता.

पलीकडे भिंतीशी पहिली मूर्ती ठेवली होती, तेलकट चेहऱ्याची. त्या दिवशी मी हसले होते आणि दादाला हाक मारली होती.

मी वाटीतला ओला कापूस घेतला आणि रेघ पुसली. कडेपासून आत, हलकेच, अण्णांनी शिकवलं होतं तशी, मागे डाग राहू न देता.

"आई, बाप्पाला काय झालं?" इराने खांद्यावरून विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं, आणि खालची पापणी पुन्हा काढायला घेतली.